मातीच्या बैलाची सुट्टी

रशीद मणियार आंघोळ करून, ओलं डोकं पुसत मागच्या खोलीत आला आणि टेबलासमोर खांबासारखा उभा राहिला. टेबलावर बैल नव्हता. जिथे बैलाचे खुर होते, तिथे खडूने काढलेली चार छोटी वर्तुळं होती.

"शरिफा! बैल कुठाय?"

"साळूबाईंनी नेला," चुलीपाशी बसूनच शरिफाने सांगितलं. "पोळा न्हाई का आज? बन्सी कुंभार हिवतापानं पडलाय. अख्ख्या गल्लीत पूजेला मातीचा बैल न्हाई. सणासुदीला दारात ताट घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला न्हाई कसं म्हनू? पर खुना करून ठेवल्यात मी. चारी पायांच्या. जरासुदिक इकडंतिकडं व्हायचं न्हाई."

महिनाभर त्या खोलीत केरसुणीही न नेणाऱ्या बायकोवर ओरडावं तरी कसं, हे रशीदला कळेना. त्याने फक्त डोक्याला हात लावला.

रशीदने पाच वर्षं पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत राजवाड्यांचे खांब, सिंहासनाचे सिंह आणि राक्षसांची मुंडकी मातीत घडवली होती. त्या सिंहांकडे बघता बघता त्याच्या डोक्यात एक किडा शिरला: हे चालतील. बैल मातीचा करायचा, त्याचा एक फोटो काढायचा, मग पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. असे सोळा फोटो भराभर दाखवले की पडद्यावर एक सेकंद बैल आपल्या पायांनी चालतो. कंपनीच्या मालकाने हसत हसत एक जुना कॅमेरा चाळीस दिवसांसाठी दिला आणि रशीद तो छातीशी धरून तिसगावला घरी आला.

सिनेमा साधा होता. तहानलेला बैल गोठ्यातून निघतो, वाटेत दोनदा बसतो, एकदा रुसतो, माश्या हाकलतो आणि शेवटी विहिरीच्या हाळावर, गुरांच्या दगडी कुंडाशी येऊन पोटभर पाणी पितो. महिनाभरात बैल अडीच हात चालून आला होता. हाळ अजून हातभर लांब होता. कॅमेरा परवा सकाळच्या मोटारीने पुण्याला परत जायचा होता.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अब्बा. बाबाजान मणियारांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं आणि धडधाकट मुलगा दिवसभर दार लावून मातीच्या बैलाचे पाय ढकलतो, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी त्यांनीच अट घातली होती. "आबासाहेबांच्या सिनेमाच्या तंबूत तुझा बैल दाखव. एक जरी टाळी पडली, तर मी दुकानाचं नाव काढनार न्हाई. न्हाई पडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर येऊन बसायचं. जन्मभर."

रशीद पंचा खांद्यावर टाकून तसाच शेजारी धावला.

साळूबाईच्या ओसरीवर पाटावर बैल उभा होता. उभा कसला, मिरवत होता. शिंगांना हिंगूळ, कपाळाला कुंकू, अंगावर गुलाल, गळ्यात मण्यांची माळ. साळूबाईचा नवरा छगन शिंपी. त्याने तर चोळखणाच्या तुकड्यांची, जरीचा काठ लावलेली झूल शिवली होती आणि ती घसरू नये म्हणून बैलाच्या पोटाखालून टाकेही घातले होते. माती मेणात कालवलेली असल्याने मऊ होती. टाके छान आत रुतले होते.

"या रशीदभाऊ, बसा," साळूबाई म्हणाली. "बगा, कसा नवरदेव दिसतोय!"

"साळूबाई, पूजा झाली ना? मग मी नेतो त्याला. कामाचा खोळंबा झालाय."

साळूबाईच्या हातातलं निरांजन थबकलं. "काम? आज?"

"फार न्हाई. त्याला नुसतं चालायचंय."

"किती चालायचंय?"

रशीद खोटं बोलत नसे, हा त्याचा दोषच होता. "आज दीडशे वेळा पाय उचलायचाय."

"आगं बया! दीडशे?" साळूबाईने निरांजन खाली ठेवलं. "आवो, आज पोळा हाय. वर्सातनं एक दिस जनावराच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. जित्या बैलाला सुट्टी, आन् ह्यानं काय पाप केलं?"

"अहो, तो मातीचा हाय!"

"आमी पाया पडलोय त्याच्या. आता त्यो मातीचा कसा ऱ्हाईल?" छगन सुई दातांत धरून म्हणाला.

आवाज चढले तशी गल्ली गोळा झाली. ज्यांच्या घरचे खरे बैल न्हाऊन-माखून झुली घालून उभे होते, ते शेतकरीही आले. रशीदने कळवळून सांगितलं की, आजचा दिवस गेला तर बैल हाळापर्यंत पोचायचा नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमताने सांगितलं की, मग आधी निघायचं होतं.

तेवढ्यात बाबाजान दुकान बंद करून येताना दिसले. आपल्या बापाला या सगळ्या खुळचटपणाचा तिटकारा आहे, तेव्हा निदान ते तरी हा मातीचा गोळा आहे असं म्हणतील, अशी रशीदला आशा वाटली.

"अब्बा, तुमीच सांगा ह्यांना!"

बाबाजाननी बैलाकडे पाहिलं. झूल जरा नीट केली. मग म्हणाले, "साळूबाईचं बरोबर हाय. पोळ्याला बैल जुंपतो का कोनी? शिकला नसशील येवढं, तर आज शीक."

झालं. निकाल लागला. बैलाने दिवसभर पाटावर उभं राहून सुट्टी घेतली, संध्याकाळी त्याला पुरणपोळीचा घास भरवण्यात आला, आणि रशीद रिकाम्या टेबलावरच्या चार वर्तुळांकडे बघत बसला. शरिफाने पोळी आणून ठेवली. ती साळूबाईच्याच घरची होती. राग आला होता तरी रशीदने तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साळूबाईने बैल आणून दिला. रशीदने झूल काढायला टाका ओढला तर बैलाचं अर्धं पोट सोबत येऊ लागलं. गुलाल पुसायला जावं तर तो मेणात आणखी पसरे. तोंडात पुरण होतं आणि पुरणाला मुंग्या. दिवसभराचा वेळ होता. नवा बैल घडवायला आठवडा लागला असता.

"असाच चालवा," शरिफा म्हणाली.

"अगं, काल उघडा होता, आज एकदम जरीची झूल? वाटेत काय छगन शिंपी भेटला काय त्याला?"

"मग काय, न्हाईच चालवनार?"

रशीदने मुंग्या फुंकरून उडवल्या आणि बैल वर्तुळांवर उभा केला. शरिफाच्या खुणा इतक्या अचूक होत्या की खुर बरोबर बसले. दिवसभर दोघं राबली. ती गॅसबत्त्या धरून उभी राहिली, तो दाणा दाणा बैल सरकवत गेला. अंधार पडला तेव्हा हाळ वीतभर लांब होता आणि फिल्मचं शेवटचं रीळ संपलं होतं.

पंधरा दिवसांनी पुण्याहून धुतलेली फिल्म आली. बाजारच्या दिवशी दिवेलागणीला आबासाहेबांच्या तंबूत मुख्य खेळाच्या आधी ती लागली. अख्खं गाव आलं होतं. बाबाजान पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. रशीद मागे, तंबूच्या दोरीला धरून उभा होता.

पडद्यावर बैल चालू लागला. बैल बसला. बैल रुसला. एका म्हाताऱ्याने "हर्र!" केलं तेव्हा नेमका तो उठला, त्यामुळे म्हाताऱ्याचा भाव वधारला. मग एकाएकी बैलाच्या अंगावर झूल आली, शिंगं रंगली. रशीदने डोळे मिटून घेतले.

"पोळा आला बाई त्याचा!" बायकांमधून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

बैल हाळाजवळ येऊ लागला. मान लांबवली. पाणी आता वीतभर राहिलं. आणि पडदा पांढरा झाला.

मग लंकाबाई म्हातारी कडाडली, "पानी कुठाय?"

"पाजा की त्याला!"

"सणाला नटवायचं, पानी दावायचं आन् पाजायचं न्हाई? मालक कोन हाय ह्या बैलाचा?"

साळूबाईने उभं राहून रशीदकडे बोट दाखवलं. शंभर माना मागे वळल्या. एक शेतकरी खरोखरच बादली आणायला बाहेर गेला. आबासाहेबांनी मुख्य खेळ सुरू केला, तर लोकांनी तो बंद पाडला. दंगा पुष्कळ झाला. टाळी मात्र एकही पडली नाही.

रशीद दिलेल्या शब्दाला जागणारा होता. सकाळी तो स्वच्छ टोपी घालून दुकानाच्या गादीवर जाऊन बसला. पहिल्याच बाईला बांगड्या भरताना त्याने चार फोडल्या. हात दाण्यादाण्याने पुढे सरकत होता. बाई वैतागून उठून गेली.

बाबाजान उन्हं वर आल्यावर आले. डोळे तांबडे झाले होते. फुटलेल्या काचा त्यांनी केरसुणीने बाजूला लोटल्या आणि ते समोर बसले.

"टाळी पडली न्हाई, अब्बा," रशीद म्हणाला. "तुमी जिंकलात."

"ते ऱ्हाऊ दे. मला येक सांग. त्याला पानी पाजायला किती दिस लागतील?"

"कॅमेरा परत मिळाला तर... जायचं-यायचं धरून आठ दिवस."

"आठ दिस!" बाबाजान ताडकन उठले. "अरे, जनावर तिथं पान्याम्होरं तोंड वासून उभं हाय. रातभर माझा डोळा लागला न्हाई. आन् तू इथं खुशाल बांगड्या भरत बसलायस? ऊठ! पुन्याची मोटार चुकंल."