चिकणेभाऊ आणि कंपनीकडे राहिलेला आवाज

चिकणेभाऊंच्या घरातल्या एकाही यंत्राला पाठ नव्हती. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, सगळ्यांची मागची झाकणं काढून माळ्यावर टाकलेली. एकदा टीव्हीत पाल शिरली आणि ऐन क्रिकेटच्या सामन्यात पालीसकट टीव्ही गेला. जमलेले शेजारी हळहळले. भाऊ मात्र खूश. "गेला, पण का गेला ते दिसलं की नाही? झाकण असतं तर दुकानदाराने नवा गळ्यात मारला असता."

महाडला एसटी स्टँडाच्या मागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी माझी पत्रकं तिथे कंपोज करून घ्यायचो. बिरवाडीकडच्या कारखान्यांच्या पाण्यापासून गॅसच्या रांगेपर्यंत कशाविरुद्धही पत्रक काढण्याचं माझं वय होतं. भाऊ टाइप करता करता विचारायचे, "'भांडवलशाही' इतक्यांदा लिहिलंयस, एकदा कंपनीचं नाव लिही की. घाबरतोस?"

क्लासातल्या कॉम्प्युटरांवर त्यांनी लिनक्स ही फुकटची प्रणालीच ठेवली होती. पालक कुरकुरत. एक जण म्हणाला, "भाऊ, बाकीचे शिकवतात तेच शिकवा. पोराला नोकरी लागायची हाय."

"ते आतून बघता येत नाही. हे सगळं उघडं आहे. बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. आपण लावणीला एकमेकांच्या शेतात जातो ना, तसं आहे हे."

"तुम्ही कवा आलात लावणीला?"

भाऊ कधीच गेले नव्हते. ते चिखलाला घाबरत. त्यांची शेती आणि गुरं त्यांची बायको, सुमनवहिनी, बघायच्या, पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांच्या वाडीत. भाऊ शनिवारच्या एसटीने घरी जात आणि सोमवारी परत येत.

त्या वाडीत एका उन्हाळ्यात एका कंपनीची पांढरी गाडी आली. फोनवर मराठी बोललेलं यंत्राला समजावं, त्यासाठी कंपनीला खेड्यातल्या बायकांचे आवाज हवे होते. शाळेच्या खोलीत एकेकीला बसवून कार्डांवरची वाक्यं वाचून घेतली, कागदावर सही घेतली आणि हातात स्टीलचा डबा दिला. शेजारच्या शेवंताकाकूंनी मला तो किस्सा सांगितला होता. कार्डावर होतं, "कृपया आपला खाते क्रमांक सांगा." वहिनींनी ते वाचलं आणि आवाज रेकॉर्ड करणाऱ्या कंपनीच्या पोराला म्हणाल्या, "माझं खातं नाय रे बाबा. ह्यांचं हाय, त्यांना विचार."

"काकू, उत्तर द्यायचं नाही, फक्त वाचायचं."

पुढचं कार्ड होतं, "आपण कुठे जाऊ इच्छिता?" वहिनी म्हणाल्या, "मी कुठं जातेय? गुरं कोण बघंल?" दाराशी थांबलेल्या बायका हसून हसून लोळल्या.

शनिवारी भाऊ घरी पोचले आणि तापले. "आवाज दिलास आणि डबा घेतलास?"

"डबा चांगला हाय," वहिनी म्हणाल्या. "झाकण घट्ट बसतंय."

पुढच्या पावसाळ्यात वहिनी तापाने गेल्या. रस्ता खचला होता, जीप वर येईना. दिवसकार्य झाल्यावर भाऊंनी त्यांचा आवाज शोधायला घेतला. भावकीतल्या लग्नांच्या कॅसेटा आणल्या. तिथे वहिनी हसताना, हाका मारताना दिसत, पण व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. त्यांचा आवाज उरला होता तो फक्त कंपनीकडे. भाऊंनी कंपनीला फोन केले, अर्ज केले. उत्तर आलं की ध्वनिमुद्रणं ही कंपनीची मालमत्ता असून ती बाहेर देता येत नाहीत.

मालमत्ता! मला आजही तो शब्द आठवला की डोकं फिरतं. बाईचा घसा, बाईचा श्वास, आणि मालक कोण? ज्याने तिला पाहिलंही नाही तो. आमच्या बायकांच्या बोलण्यावर यंत्र शहाणं होणार, ते विकून कुणीतरी श्रीमंत होणार, आणि नवऱ्याने बायकोचा आवाज मागितला तर त्याला कायदा दाखवणार. याला चोरी म्हणत नाहीत, कारण कागदावर सही असते. मी रागाने पत्रक लिहून नेलं. भाऊंनी ते वाचून परत दिलं. "हिचं नाव पत्रकात नको."

मग एके दिवशी तोच कंपनीचा पोरगा क्लासात आला. आणखी आवाज हवे होते. "भाऊ, आसपासच्या वाड्यांतल्या बायकांच्या सह्या तुम्ही घेऊन द्या. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. सुमनकाकूंच्या आवाजाची कॉपी मी गुपचूप करून देतो."

मी त्याला हाकलायला उठलो. भाऊंनी कागद घेतले आणि नीट घडी करून पिशवीत ठेवले. मी चिडलो, पण शनिवारी त्यांच्यासोबत वाडीत गेलो.

भाऊंनी बायकांना ओटीवर बसवलं आणि कंपनीचा कागद मराठीत अर्थ सांगत पूर्ण वाचला. आवाज कायमचा कंपनीचा. कुठेही वापरणार, कुणालाही विकणार, परत मागता येणार नाही.

"ते राहू दे रे," शेवंताकाकू म्हणाल्या. "तुला सुमनचा आवाज मिळंल ना?"

"मिळेल म्हणतो तो."

"मग आण पेन. आमच्या आवाजाचं काय लोणचं घालायचं हाय?"

बाकीच्याही पुढे सरकल्या. भाऊंनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. "नको, काकू."

"अरं, आम्ही देतोय ना?"

"तुम्ही कागद बघून सही करत नाही. माझ्या तोंडाकडे बघून करताय. त्यांना तेच तर हवंय."

संध्याकाळी पोलादपूर स्टँडवर महाडच्या गाडीची वाट बघत बसलो. "भाऊ, तुम्ही कंपनीला धडा शिकवलात," मी म्हणालो. मला अजून पत्रकाचीच भाषा येत होती.

"त्यांना कळणारसुद्धा नाही," भाऊ म्हणाले. "आणि त्या रेकॉर्डिंगात ती कार्डंच वाचतेय. आमची गाय रानातून उतरायची नाही, तेव्हा ही बांधावर उभी राहून हाक मारायची. तो आवाज कुणीच घेतला नाही."

मग सगळ्या स्टँडशी भांडू शकणारा तो माणूस बारीक आवाजात म्हणाला, "चांदेऽ... ये गोऽ..."

बाकड्यावरची बाई वळून बघू लागली. भाऊंनी मान हलवली. "नाही. शेवटी खाली यायचा तिचा आवाज."

त्यांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा मान हलवली. महाडची गाडी लागली, भरली, सुटली. मी त्यांना उठवलं नाही.