होन्नम्माचा तिसरा दिवस

बावीस वर्षं मी दवाखान्याच्या इंजेक्शनच्या खोलीत आहे. आमच्या तालुक्यात कुणाला माझा आवाज ओळखू येत नसेल, तर त्याला अजून कुत्रं चावलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे म्हैसूरहून नव्यानेच आलेल्या डॉक्टर तेजस्विनी मॅडमनी फोनवरून पेशंटना आठवण करून द्यायची योजना काढली, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "मॅडम, आवाज माझा घाला. एक माणूस चुकला तर नाव बदलेन."

कुत्रं चावलं की सुई चार वेळा घ्यायची. चावल्या दिवशी पहिली, मग तो दिवस न मोजता तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या सुईला माणूस रडत येतो. तिसऱ्या दिवशी लंगडत येतो. सातव्या दिवशी बायकोने ढकललं तर येतो. अठ्ठाविसाव्या दिवशी जखम भरलेली असते, नारळ उतरवायला गडी आलेले असतात, कोण फिरकतंय! आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा हा आजार एकदा दिसू लागला की वैद्याच्या हातात काही उरत नाही. बावीस वर्षांत मी असा एकच पेशंट पाहिला. सोळा वर्षांचा होता. दुसरा पाहायची माझी तयारी नाही, म्हणून मी लोकांच्या एवढी मागे लागते.

तर मी निरोप भरला. रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटर आपणहून फोन लावणार, ज्याचं त्याचं नाव घालून माझा आवाज ऐकवणार. निरोप असा होता: "नमस्कार. मी जलजाक्षी बोलतेय. होन्नम्मा यांचा उद्या तिसरा दिवस आहे. सकाळी दहाच्या आत या. जे झालं ते झालं, आता चुकवू नका."

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, त्यात दवाखान्याचं नाव घाला ना. आणि सुईचं, कुत्र्याचं."

"दिवेलागणीला कुत्र्याचं नाव कशाला? आणि मी जलजाक्षी म्हटल्यावर मी काय लग्नाला बोलावतेय असं वाटणार आहे लोकांना?"

"लग्नाला नाही वाटणार," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी विषय सोडला. लहान आहेत अजून. सोडायला नको होता.

सोमवारी होन्नम्मा आली. कल्लहट्टीची, साठी ओलांडलेली, एकटी राहणारी. पोटरीला कुत्र्याने चांगलंच धरलं होतं. मी जखम साबणाने धुतली, सुई दिली आणि फोन नंबर विचारला.

"फोन नाही माझ्याकडे."

"मग शेजारच्यांचा सांग. नंबरशिवाय पुढची सुई मिळत नाही."

हे धादांत खोटं होतं. सुई कुणालाही मिळते. पण मला माझी यादी पुरी करायची होती. म्हातारीने डोळे मिटले आणि स्तोत्र म्हणावं तसे दहा आकडे न अडखळता म्हटले.

"कुणाचा आहे?"

"घरचाच," ती म्हणाली.

गुरुवारी चौदा जण यायचे होते. साडेदहापर्यंत तेरा आले. मी मॅडमसमोरून दोनदा उगाचच यादी हातात घेऊन गेले. अकरा वाजले तरी होन्नम्मा नाही. साडेअकराला मी ॲम्ब्युलन्सच्या रेवण्णाला म्हटलं, "तुझी स्कूटर काढ."

कल्लहट्टीच्या वेशीवरच रडणं ऐकू आलं. होन्नम्माच्या दारात एक टेम्पो उभा होता, त्याच्या टपावर झेंडूचा हार. नऊ-दहा माणसं. मधोमध एक ठसठशीत बाई कुलूप लावलेल्या दारावर डोकं टेकून हंबरडा फोडत होती.

"काय झालं?" मी शेजारणीला विचारलं.

"होन्नम्मा गेली, सिस्टर."

"कशाने?"

"कुत्रं चावलं होतं ना."

मला सगळं माहीत आहे. हा आजार इतक्या लवकर होत नाही, आठवडे लागतात, महिने लागतात, हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण ते डोक्यातच राहिलं. मी तिथेच ओट्यावर बसले. डोळ्यांसमोर तो सोळा वर्षांचा पोरगा आला. एक सुई राहिली, दीड तास मी यादी मिरवत बसले, असं मनात येत होतं आणि मी पदर नसताना पदर शोधत होते.

समोरच्या घरातला एक म्हातारा तेवढा काठी आपटून सांगत होता, "काल संध्याकाळी माझ्याकडून मीठ नेलंय तिने."

"आजोबा, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," शेजारीण म्हणाली.

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून गवताचा भारा लंगडत आला. भाऱ्याखाली होन्नम्मा होती. दारातली गर्दी बघून ती थबकली. सगळ्यांत जवळ मी होते, तर मलाच विचारलं, "कोण गेलं?"

मी ओट्यावरून उठले. तेवढ्यात तिला दाराशी रडणारी बाई दिसली. भारा धपकन खाली पडला.

"गंगी! तुझे यजमान गेले?"

टेम्पोमागे बिडी ओढत उभ्या असलेल्या यजमानांना ठसका लागला. गंगी वळली. तिने बहिणीला पाहिलं आणि आणखी जोरात रडू लागली. होन्नम्माने तिला मिठी मारली आणि तीही रडू लागली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून चांगली पाच मिनिटं रडल्या, आणि कोण कशासाठी रडतंय हे कुणालाच कळेना.

शेवटी होन्नम्माने श्वास घेतला. "पण गेलं कोण?"

"तू गेलीस, अक्का."

"मी कुठे गेले? गवताला गेले होते."

मग उलगडा होत गेला. गंगी, म्हणजे सिद्धगंगम्मा, होन्नम्माची धाकटी बहीण, कडूरच्या पलीकडची. काल संध्याकाळी सहाला तिला फोन आला: होन्नम्मांचा उद्या तिसरा दिवस, दहाच्या आत या, जे झालं ते झालं. तिने उलट फोन लावला, तो लागेना. रात्रभर रडून तिने गेलेल्या माणसाच्या तिसऱ्या दिवशी वाहायचं दूध-तूप घेतलं, हार घेतला, नातेवाईक गोळा केले आणि आली, तर दाराला कुलूप. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, सोमवारी कुत्रं चावलं होतं खरं. गंगी म्हणाली, मग त्यानेच गेली. शेजारणीला वाटलं, सख्ख्या बहिणीला माहीत नसेल तर कुणाला असणार?

"फोन केला कुणी?" होन्नम्माने विचारलं.

"जलजाक्षी म्हणून कुणी बाई आहे. आवाज एवढा गंभीर, की मला वाटलं तिनेच आंघोळ घातली असेल तुला."

मी गणवेशात होते. छातीवर नावाची पट्टी होती. रेवण्णाने आभाळाकडे पाहायला सुरुवात केली. एकेक मान माझ्याकडे वळली, आणि मी त्यांना कुत्रं, सुई, कॉम्प्युटर सगळं सांगितलं. कुणी रागावलं नाही, त्यानेच जास्त लाज वाटली.

गंगीने डोळे पुसले. "अक्का, माझा नंबर तुला कुणी दिला?"

होन्नम्मा गवताच्या काड्या वेचायला लागली. अकरा वर्षं या दोघी बोलत नव्हत्या. गंगीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी येऊन, कुंकू लावून द्यायची, ती बसच्या कंडक्टरकडून पाठवली, म्हणून होन्नम्मा लग्नाला गेली नाही. ती आली नाही, म्हणून गंगीने नाव टाकलं.

"नारळाच्या व्यापाऱ्याकडून घेतला," होन्नम्मा म्हणाली. "वाचता येत नाही, म्हणून पाठ केला. त्याच्या दुकानातून तीनदा लावला. वाजायच्या आत ठेवून दिला."

"का ठेवलास?"

"उचलला असतास तर काय बोलणार होते मी?"

गंगीने बहिणीच्या केसांत अडकलेलं गवत काढलं. मग एकदम तिचा आवाज चढला. "कुत्रं चावतं आणि मला सांगत नाहीस? चढ टेम्पोत. आत्ता."

"गाईला गवत घालते आणि—"

"गाय यजमान बघतील."

यजमानांनी बिडी विझवली.

पुढे टेम्पो, मागे आमची स्कूटर, अशी मिरवणूक दीड वाजता दवाखान्यात पोचली. मॅडम जेवायला गेल्या नव्हत्या. होन्नम्माने दोन्ही दंडांवर सुई घेतली आणि बाहेर बाकावर बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गंगीने पिशवीतून तांब्या काढला.

"माझ्या तिसऱ्याचं दूध मीच प्यायचं का?" होन्नम्माने विचारलं.

"पी. वाया कशाला घालवायचं?"

ती प्यायली. उरलेलं दूध-तूप आणि केळी गंगीसोबत आलेल्या मावसभावांनी वाटून खाल्ली. हाराचं काय करावं ते कुणालाच सुचेना, तो रेवण्णाने ॲम्ब्युलन्सला घातला.

सातव्या दिवशी दोघी आल्या. अठ्ठाविसाव्या दिवशीही दोघी आल्या. तोवर मी निरोप बदलला होता. आता त्यात दवाखाना, सुई, कुत्रं सगळं आहे, आणि पेशंट जिवंत आहे हेही आहे.

शेवटची सुई टोचून मी म्हटलं, "झालं, होन्नम्मा. सुटलीस."

तिचा चेहरा पडला. "आणखी एखादी नाही?"

"नाही."

ती हळूच म्हणाली, "मग गंगी कशाला येईल? कडूरहून बस बदलून यावं लागतं तिला."

मी दाराकडे पाहिलं. गंगी बाकावर डबा सोडून बसली होती. मी तिला हाक मारली. "सिद्धगंगम्मा, सुया संपल्या. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हिचं ब्लडप्रेशर बघावं लागेल. सोबत माणूस लागेल."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?" मागून मॅडम पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"आलेच आहात तर तुमचंही बघते," मी म्हटलं. उगाच, सोंग पुरं व्हावं म्हणून. पट्टा गुंडाळला. होन्नम्माचं उत्तम. गंगीचं एकशे ऐंशीच्या वर. पुन्हा मोजलं, तेवढंच. सोंग बाजूला राहिलं; मॅडमनी गंगीला झोपवून तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या.

आता पहिल्या सोमवारी गंगी पेशंट म्हणून येते आणि होन्नम्मा सोबत म्हणून. ब्लडप्रेशर कधीपासून आहे असं कुणी विचारलं, की गंगी तारीख आणि वेळ सांगते: बुधवार, संध्याकाळी सहा. कुणामुळे, तेही सांगते, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. मी खोलीत मान खाली घालून सिरिंज मोजत बसते.