बाथरूममधला भूतकाळ

विसरभोळी माणसं मला कळतच नाहीत! मी कारखान्याचा स्टोअरकीपर. कुठला नट कुठल्या रॅकवर, हे झोपेतसुद्धा सांगेन. म्हणून कंपनीच्या जर्मनीतल्या जागेसाठी भाषेची तोंडी परीक्षा आहे म्हटल्यावर मी नुसता हसलो. बायको हसली नाही. 'आम्ही चाललो' असं ती साऱ्या नातेवाइकांना कळवून बसली होती!

आणि शिकवणीच्या पहिल्याच दिवशी जर्मनमधल्या 'असणे' या क्रियापदाने मला आडवं पाडलं. 'मी आहे'चं तोंड एकीकडे, 'तो आहे'चं दुसरीकडे, 'होतो'चा तर दोघांशी काही संबंधच नाही!

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "अहो, ही मुळात तीन जुनी क्रियापदं आहेत. एक वाढण्याचं, एक असण्याचं, एक मुक्काम करण्याचं. आता एकत्र नांदतात."

तीन घराण्यांचा माल एकाच नावावर! मग रॅकही तीन हवेत. मी घरभर माल लावून टाकला. वाढणारे 'बिन', 'बिस्ट' स्वयंपाकघरात. 'इस्ट', 'झिंट' हॉलमधल्या सोफ्यावर, कारण तिथे सासरे नुसतेच असतात. आणि मुक्कामवाला 'वार', म्हणजे सगळा भूतकाळ, बाथरूममध्ये. सोफ्यावरून उठले की सासऱ्यांचा मुक्काम तिथेच!

रोज सकाळी खोल्याखोल्यांतून येरझाऱ्या घालत, जिथला शब्द तिथेच उभा राहून मी पाठ करायचो.

"अहो, एका जागी बसा की!" बायको वैतागायची.

"बसून कधी गोदाम चालतं का?"

परीक्षा घरूनच होती, लॅपटॉपवर. परीक्षक आपल्याकडचेच, पण प्रश्न जर्मनमधून. पहिला प्रश्न, "आपण कोण?" मी लॅपटॉप उचलून ओट्याकडे धावलो. "इश बिन स्टोअरकीपर!" दुसरा, "पत्नी कुठे आहेत?" उलटा हॉलमध्ये. "झी इस्ट हिअर!"

"आपण हलताय का?"

"नेटवर्क हलतंय, साहेब!"

तिसरा प्रश्न आला. "काल आपण कुठे होता?"

बाथरूमला आतून कडी!

"बाबा, दार उघडा! माझा भूतकाळ आत आहे!"

"जावईबापू, ज्याचा त्याला असतोच. माझी दाढी होऊ द्या!"

"एकच शब्द घ्यायचाय हो!"

"कुठला ते सांगा, दाराखालून सरकवतो!"

"अहो, साहेब ऐकतायत!" मागून बायको.

शेवटी दार उघडलं. तोंडभर फेस लावलेले सासरे पडद्यावर झळकले, आणि शब्द सापडल्याच्या आनंदात समोर दिसलं तेच मी जोडून दिलं, "इश वार इन बाथरूम!"

"दिवसभर?" परीक्षकांनी चक्क आपल्या भाषेत विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा देता येईल. पण आमच्या ऑफिसात, खुर्चीवर बसून!"

बायकोने कपाळावर हात मारला. मी मात्र सावरलो. नवं गोदाम म्हणजे आधी रॅक बघून ठेवायला हवेत. अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमच्या ऑफिसात बाथरूम कुठल्या बाजूला आहे?"

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"घाबरू नका हो. परीक्षेच्या वेळी पुष्कळांना होतं तसं!"