प्रमाणित फसवणूक

प्रामाणिकपणा हा सर्वश्रेष्ठ गुण आहे, याबाबत हरलेल्या सर्व माणसांचं एकमत असतं. जिंकलेल्यांना विचारलं तर तेही मान डोलावतात, पण तेव्हा त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

तपासनीस हे या गुणाचे पगारी रक्षक होते. वजनमापे खात्यात त्यांची नोकरी. दिवसभर बाजारात फिरायचं, काटे उचलून बघायचे, तागडीखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधायचं आणि सगळं बरोबर निघालं तर चिमट्याने शिशाचं सील ठोकायचं. त्यांनी सील ठोकलेल्या काट्यावर भाजीवाल्याला कुणालाही कमी तोलून देता येत नसे. (एकाने सख्ख्या आईवर प्रयोग केला होता. आईनेच तक्रार केली.)

असा हा माणूस रविवारी दुपारी जेवण झालं की कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर बसे आणि लेकीला घेऊन हरे.

खेळ साधा होता. सगळ्यांनी एका विमानात बसायचं, छत्री घेऊन एका बेटावर उडी मारायची, एकमेकांना गोळ्या घालायच्या आणि जी जोडी शेवटी उरेल ती जिंकली. ओळखीपाळखीच्या लोकांचं एक मंडळच जमलं होतं. त्यात निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको होती. (खेळातलं मुख्याध्यापकांचं नाव ‘यमदूत’. शाळेतही तेच होतं, पण तिथे पाठीमागे.) गाडी शिकवणारे मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ होता. आणि तपासनिसांची मेव्हणी होती. ती दातांची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी बंद दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीवर आडवी पडून ती खेळायची आणि बहुतेक वेळा जिंकायची.

बापलेकीची जोडी मात्र कायम शेवटची. तपासनीस बहुतेक वेळा बेटावर पोचतच नसत, समुद्रात पडत.

एका रविवारी त्यांची सोळा वर्षांची लेक आपल्या खोलीतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

“बाबा, राग मानू नकोस. मावशीचा पार्टनर बदली होऊन चाललाय. ती मला बोलावतेय.”

“मग?”

“मग काही नाही. पुढच्या रविवारी पण शेवटचे आलो तर मी जाते.”

“जाते म्हणजे?”

“म्हणजे मावशीबरोबर खेळते. घर सोडून नाही जात रे! ड्रामा नको.”

तपासनिसांना मात्र ते घर सोडून जाण्यासारखंच वाटलं. वयात आलेली लेक बापाशी बोलते ती आठवड्यातून तेवढीच, हेडफोनवर, आणि तेही ‘बाबा, डावीकडे! अरे, तुझी डावी!’ एवढंच. तेवढंही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खेळाचा कन्सोल टॉवेलात गुंडाळला आणि दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेला.

“बोला साहेब,” दुरुस्तीवाला पडदा ओढून घेत म्हणाला. “भिंतीपलीकडचं दिसायला हवंय, की नेम आपोआप लागायला? दोन्ही एकदम घेतलंत तर बरं पडेल. लोक आधी एक नेतात आणि मग परत येतात.”

“लोक? कोण लोक?”

“तुमचंच मंडळ की! यमदूत सर, मास्तर, डॉक्टरीणबाई. आणि तुमच्या लेकीचा तर सगळ्यात आधी फोडून, म्हणजे कंपनीचं कुलूप काढून, दिला होता.”

तपासनीस स्टुलावर बसले. लेकीचा कन्सोल फोडलेला होता, आणि तरीही ती शेवटची येत होती. म्हणजे एका माणसाचा प्रामाणिकपणा एका यंत्राच्या अप्रामाणिकपणाला पुरून उरला होता. नैतिकदृष्ट्या हा मोठाच विजय होता. त्यांना रडू आलं.

कन्सोल फोडल्याने फसवणूक वाढते, असा एक गैरसमज आहे. फसवणूक तेवढीच राहते. फक्त ती करायला पूर्वी जे कौशल्य लागत असे ते लागत नाही, त्यामुळे तिचा लाभ तळागाळापर्यंत पोचतो. पूर्वी ज्याला साधं दारामागे लपता येत नसे, तो आज दारातून आरपार बघतो. समाजसुधारणा म्हणतात ती याहून वेगळी नसते.

तपासनिसांनी कन्सोल तसाच टॉवेलात गुंडाळला. नोकरीत मुरलेल्या माणसाला अशा वेळी नोकरीच आठवते. त्यांच्या खात्याचा सिद्धांत असा, की अगदी बिनचूक काटा जगात नसतोच. तो किती चुकलेला चालेल हे सरकार ठरवून देतं. तेवढा चुकला तर ती चूक नव्हे, ती अनुज्ञेय त्रुटी. आणि बाजारातले सगळे काटे सारखेच चुकत असतील, तर बाजार प्रामाणिक.

त्यांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. (हेडफोनवर. सुरुवातीला कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.)

“मला सगळं कळलंय,” ते म्हणाले.

पलीकडे कुणीतरी कुकर बंद केला. मग मेव्हणीचा आवाज आला. “दाजी, तुम्हाला आत्ता कळलं?”

“मी दोष देत नाहीये. मी म्हणतो, फसवणूक करा. पण प्रमाणात करा, आणि सगळे सारखी करा.”

“वा!” मुख्याध्यापक म्हणाले. “याला म्हणतात शिस्त.”

सभेत सर्वानुमते खालील गोष्टी ठरल्या. भिंतीपलीकडचं दिसायला हरकत नाही, पण एकाच भिंतीपलीकडचं. दोन भिंतींपलीकडे बघणं म्हणजे दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावणं. नेम आपोआप लागावा, पण सर्वांचा सारख्याच वेगाने. भिंतीतून गाडी नेताना इंडिकेटर द्यावा (सूचना मास्तरांची). मेल्यावर पुन्हा उठणं बंद. (याला मुख्याध्यापकांचा विरोध होता. वयाचा विचार व्हावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.)

मग तपासनीस चिमटा आणि शिसं घेऊन घरोघरी गेले. मुख्याध्यापकांचा कन्सोल काचेच्या कपाटात, आदर्श शिक्षकाच्या मानचिन्हाशेजारी होता. तो दोन नव्हे, चार भिंतींपलीकडचं दाखवत होता. दुरुस्तीवाल्याला सोबत नेऊन तीन भिंती परत उभ्या कराव्या लागल्या. मास्तरांचा नेम इतका तयार होता, की बटण दाबायच्या आधीच गोळी सुटत असे. ती चाकोरीत आणली. मेव्हणीने दातांची कवळी बाजूला सारून कन्सोल पुढे केला आणि विचारलं, “दुखणार नाही ना?” लेकीच्या कन्सोलवर त्यांनी सील ठोकलं. ती म्हणाली, “बाबा, तू हे सगळं माझ्यासाठी करतोयस ना?” ते म्हणाले, “खात्याच्या तत्त्वासाठी.”

राहिला त्यांचा स्वतःचा कन्सोल. आणि इथे घोळ झाला.

खात्याचा नियम स्पष्ट आहे: तपासनिसाने स्वतःचा काटा स्वतः तपासू नये. त्यांच्या घरातला किराणा मोजायचा काटासुद्धा शेजारच्या विभागातला माणूस येऊन तपासून जाई. पण कन्सोलला शेजारचा विभाग नव्हता. सील नाही म्हणजे फेरफार नाही. त्यामुळे सबंध मंडळात एकाच माणसाचा कन्सोल, केवळ कार्यालयीन अडचणीमुळे, कोरा राहिला. हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही.

“म्हणजे पुन्हा समुद्रात,” बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

रविवार उजाडला. सगळे विमानात बसले. दार उघडलं आणि सगळ्यांनी एकदम उडी मारली.

एक सोडून सगळ्यांनी. कारण तपासनीस दरवेळी जे करत, तेच करत होते. विमानाच्या दाराशी एक सुरक्षा सूचना लावलेली होती. खेळ बनवणाऱ्यांनी ती नुसती शोभेसाठी चिकटवली होती. सबंध जगात ती वाचणारा माणूस एकच होता, आणि तो ती दरवेळी पूर्ण वाचे. न वाचता पुढे जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणूनच त्यांची उडी नेहमी उशिरा पडे आणि खाली समुद्र येई.

बाहेर उघड्या आभाळात भिंत एकही नव्हती. प्रत्येकाला प्रत्येक जण दिसत होता. प्रत्येकाचा नेम आपोआप लागत होता, आणि मुख्य म्हणजे सरकारी अचूकतेने सारख्याच वेगाने लागत होता. एकच आवाज झाला. मुख्याध्यापक, त्यांची बायको, मास्तर, मास्तरांचा भाऊ, मेव्हणी, तिचा पार्टनर आणि लेक, सगळे एकाच क्षणी मेले. रिकाम्या छत्र्या तरंगत खाली आल्या.

तपासनीस ‘पट्टे घट्ट आहेत याची खात्री करा’ इथवर पोचले होते, तेवढ्यात पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. विजेते.



“विमानातूनच?” हेडफोनवर मास्तर म्हणाले. “माणूस विमानातून खालीच नाही उतरला, आणि आम्हाला सगळ्यांना झोपवलं?”

“दाजी,” मेव्हणी म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता, “कुठलं लावलंय हे?”

लेक धावत बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे एवढे मोठे.

“बाबा! खरं सांग. तू चीटिंग केलंस?”

तपासनिसांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढं कौतुक त्यांनी ती पाच वर्षांची असताना पाहिलं होतं, तेव्हा त्यांनी बरणीचं झाकण उघडून दिलं होतं. खरं सांगायचं तर ‘मी सूचना वाचत होतो’ एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितल्यावर ती नजर कुठे जाईल, हे त्यांना एका भिंतीपलीकडे न बघताही दिसलं.

“हो,” ते म्हणाले. “थोडंसं.”

बायकोची घडी हातातच राहिली. मग तिने ती पूर्ण केली.

“बाबा, यू आर बेस्ट!” लेक म्हणाली. “मावशी, मी येत नाहीये गं!”

पुढच्या आठवड्यात सगळं मंडळ दुरुस्तीवाल्याकडे रांगेत उभं राहिलं. सगळ्यांची मागणी एकच, ‘दाजींचं आहे ते’. दुरुस्तीवाल्याला काहीच कळेना. त्याने प्रत्येक कन्सोल उघडला, ब्रशने झाडला, आतलं सगळं पुसून होता तसा करून दिला आणि म्हणाला, “हे लेटेस्ट.” सगळे खूश होऊन गेले. मग मेव्हणीने शोध लावला, की दाजी आधी दाराशी थांबून काहीतरी वाचतात. त्यातच मेख असणार, असं ठरलं.

तेव्हापासून दर रविवारी विमान उडतं, दार उघडतं आणि कुणीही उडी मारत नाही. बाकीचे सगळे दाटीवाटीने दाराशी उभे राहून सुरक्षा सूचना वाचतात. विमान बेटावर घिरट्या घालत राहतं. मागच्या सीटवर बापलेक शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि लेक बापाला कॉलेज, मैत्रिणी, कुठल्याशा मुलाचा मूर्खपणा असं काय काय सांगत असते.

आता हिशोब बघा. या मंडळातल्या प्रत्येकाने सभेत स्वतःच्या तोंडाने फसवणूक कबूल केली, नियम करून घेतले, सील ठोकून घेतलं. सबंध गोष्टीत पोटच्या पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून साफ खोटं बोललेला माणूस एकच.

आणि तुम्ही मघाशी, श्वास रोखून, त्याने खोटं बोलावं म्हणूनच वाट बघत होतात.