पिवळं ते तयार

स्क्रीन हिरवीगार झाल्याशिवाय गावाला जायचं नाही, एवढं बजावून ऑफिसचे मालक, अतिशय सर, जेवायला घरी गेले आणि मल्हारने कपाळाला हात लावला. उद्या जतला धाकट्या बहिणीचा, अपेक्षाचा साखरपुडा होता. थोरलीच्या लग्नाला तो अक्षता पडून गेल्यावर पोचला होता. तेव्हापासून आई त्याच्याशी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात एका हळद व्यापाऱ्यासाठी सॉफ्टवेअर बनवणं चाललं होतं. सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते आधी साध्या मराठीत लिहायचं, अशी तिथली रीत. ‘समजा शेतकऱ्याने हळद आणली, जेव्हा पोतं काट्यावर चढतं, तेव्हा वजनाची नोंद होते.’ मग एकेका वाक्याची चाचणी. जमलं तर हिरवं, बिघडलं तर लाल, आणि चाचणीच अर्धवट असेल तर पिवळं, म्हणजे पेंडिंग. मल्हार बिचारा प्रामाणिक. जे झालं नव्हतं ते त्याने पेंडिंग दाखवलं होतं, आणि झालं होतं फारच थोडं.

तेवढ्यात ते व्यापारी, आदगोंडा काका, जाता जाता डोकावले. सगळी हयात हळदीत गेलेल्या माणसाचा चेहरा स्क्रीन बघून उजळला.

“लय झ्याक झालंय की रं. ही मधली तीन तेवढी हिरवी का? कच्ची ऱ्हायली व्हय?”

मल्हारला वाटलं, हो म्हणावं आणि एसटी धरावी. पण मग उद्यापासून काकांनी खरंच पोती काट्यावर चढवली असती. त्याने दमल्या आवाजात सांगून टाकलं, की तीच तीन झालीत, बाकी सगळं राहिलंय.

काका रागावले नाहीत. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होईपर्यंत दम धरायची त्यांना सवय होती. त्यांना खटकला तो रंग.

“पिवळं म्हंजे तयार माल. आमच्या गुदामात कुणालाबी इचार. झालेलं पिवळं कर, ऱ्हायलेलं हिरवं. कर आत्ता, मी बसतो.”

जगभर हिरवं म्हणजेच झालेलं धरतात, असं मल्हारने सुचवून पाहिलं.

“धरत असतील. पन हळदीचा सौदा सांगलीत हुतोय.”

वाद घालायचं त्राण मल्हारमध्ये उरलं नव्हतं. दोन रंगांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो? काका समाधानाने जिना उतरले, आणि त्याच जिन्याने सर हसत वर आले. काका खूश आहेत, हे त्यांना खालीच कळलं होतं. त्यांनी स्क्रीन पाहिली. तीन पिवळ्या ओळी सोडल्या तर सगळी हिरवीगार.

“तीनच राहिली? ती आल्यावर कर. पळ आता, गाडी चुकेल.”

मल्हारने तोंड उघडलं. आई आठवली. तोंड मिटून त्याने बॅग उचलली. सरांना खरं काय ते सांगायलाच हवं होतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. जिना उतरता उतरता तेवढं त्याने पेंडिंग ठेवलं.