लोंढे सिस्टर आणि देखरेखीचं कपाट

इंदुमती लोंढे सिस्टर नोकरी शोधायला निघाल्या, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांच्या जुन्या लाल दवाखान्यातलं औषधांचं कपाट त्यांच्याबरोबर निघालं.

नियम सरळ आहे. ज्या नर्सचा हात औषधांच्या कपाटात नको तितका गेला, तिनं आधी उपचार घ्यायचे, बरं व्हायचं, आणि मग त्याच कपाटानं तिच्यावर देखरेख ठेवायची. देखरेखीला माणूस ठेवला तर तो चहाला जातो आणि तिकडेच रमतो. कपाटाला चहाचं व्यसन नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कपाटानं सांगलीच्या आरोग्य खात्यात जायचं, मेहेंदळे साहेबांपुढे दार उघडायचं, आणि साहेबांनी आत डोकं घालून अहवाल ऐकायचा. त्या दिवशी साहेबांच्या केसांना टिंक्चरचा वास येतो, त्यावरून मिसेस मेहेंदळे दरवेळी भांडतात. बाकी योजना चोख आहे.

दसऱ्यापर्यंत एखाद्या दवाखान्यानं ठेवून घेतलं आणि कपाटानं बरा शब्द टाकला, तर सिस्टरांचं नाव नर्सांच्या पटावर राहणार होतं. नाहीतर पांढरी साडी घडी घालून ट्रंकेत. सिस्टरांना दुसरं काही येत नव्हतं. भाजी चिरायलासुद्धा त्या सुरी उकळून घेत.

कपाट लोखंडी, हिरव्या रंगाचं, दोन कुलपांचं. पुढचा डावा पाय जरा आखूड, त्यामुळे उभं राहिलं की डुगडुगायचं. सिस्टरांच्या खिशात कापसाच्या गुंडाळीवरच्या निळ्या कागदाची जाड घडी कायम असे. कुठंही थांबलं की त्या वाकून ती घडी त्या पायाखाली सारत, निघताना काढून परत खिशात. हे काम त्या शिकाऊ असल्यापासून करत आल्या होत्या, त्यामुळे वाकताना त्यांच्या तोंडून 'आई गं' आणि कपाटाच्या बिजागरीतून 'हळू' एकाच वेळी निघायचं.

मिरजेत दवाखाने काही कमी नाहीत. दगड भिरकावला तर डॉक्टरलाच लागतो आणि टाका घालायला शेजारचा डॉक्टर धावतो. दोघं सतारमेकर गल्लीतून जायची तेव्हा कपाटाचा आखूड पाय फरशीवर टणत्कारायचा. भोपळा घासत बसलेले म्हातारे कारागीर मान वर न करता म्हणायचे, "पंचम जरा उतरलाय. दमलंय वाटतं."

पहिला दवाखाना सगळा काचेचा होता. नोकऱ्या देणारी मुलगी थंडगार खोलीत स्वेटर घालून बसली होती.

"मॅम, हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"मी त्यांच्याबरोबर आहे," कपाट म्हणालं.

मुलीनं खुर्ची पुढे सरकवली. कपाट उभंच राहिलं. मुलीनं त्यालाच विचारलं, "सर, अनुभव?"

"मॅट्रनबाई बूट घालून फिरायच्या आणि पोरी दोन वेण्या वर बांधायच्या, तेव्हापासून."

मुलगी आत जाऊन आली. चेहऱ्यावर आनंद होता. "आमच्याकडे सिस्टरची जागा नाही. पण कपाटाची आहे. सर उद्यापासून येऊ शकतील?"

सिस्टर उठल्या, वाकल्या, निळी घडी पायाखाली आणखी घट्ट सारायला लागल्या. त्यांना वाटलं, जाऊ दे, दोघांपैकी एकाचं तरी भलं होतंय.

"राहू दे," कपाट म्हणालं. "इथं लोणचं ठेवायला जागा नाही."

ते काय बोललं हे त्या मुलीला कळलं नाही. सिस्टरांना कळलं, आणि त्यांनी घडी काढून परत खिशात घातली.

दुसरा दवाखाना बाळंतपणाचा. डॉक्टर टिकेकरबाईंनी कपाटाकडे चष्म्यावरून पाहिलं. "लेबर रूममध्ये बाहेरचा माणूस मी चालवून घेत नाही."

"मी माणूस नाही," कपाट म्हणालं.

"तीच तर पंचाईत आहे. माणूस असता तर नवऱ्यांच्या बाकावर बसवला असता."

असे बरेच दवाखाने झाले. एकानं विचारलं, कपाट रात्रपाळी करेल का. एकानं सांगितलं, सिस्टर घेतो पण कपाट पत्र्याच्या शेडमध्ये राहील. नियमात ते बसत नव्हतं. एसटीत तर दर खेपेला वाद. सांगलीच्या गाडीचा कंडक्टर सिस्टरांना बायकांचं सवलतीचं तिकीट देई आणि कपाटाला म्हणे, "तुमचं फुल. म्हातारे असाल, पण दार उघडून दाखवू नका, वयाचा दाखला लागतो." कपाट अपमान गिळून दांडा धरून उभं राही.

शेवटी दसरा तोंडावर आला तेव्हा दोघं डॉक्टर शिकलगारांच्या हाडांच्या दवाखान्यात गेली. जायला सिस्टर तयार नव्हत्या. शिकलगार लाल दवाखान्यात शिकायला होते तेव्हा लिननच्या खोलीत चादरींच्या ढिगात झोपायचे, आणि लोंढे सिस्टर त्यांना ओल्या गॉजच्या पट्टीनं उठवायच्या. ज्याच्या तोंडावर ओलं गॉज पिळलं त्याच्या दारात कसं उभं राहायचं?

शिकलगार केबिनमधून बाहेर आले, सिस्टरांना पाहिलं, आणि सवयीनं तोंड पुसलं.

"सिस्टर, तुम्ही! आणि हे... अरे, आपलं कपाट!" त्यांनी कपाटाच्या दारावर हात फिरवला. "रंग तोच हाय की ओ."

"डॉक्टर, आधी ऐकून घ्या," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट उचलून उचलून पाठ गेली होती. दुखणं थांबवायची इंजेक्शनं मी स्वतःला घेत होते. याच कपाटातली. आता सुटलंय. तपासणीची बाटली भरून देते दर पंधरवड्याला. किल्ली मला देता येणार नाही, कपाट आपलं आपण उघडेल. हे सगळं चालणार असेल तरच बोला."

शिकलगार कपाटाकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?" त्यांनी कपाटाला विचारलं.

"हात हलका आहे तिचा अजून," कपाट म्हणालं.

"ते मला ठाऊक हाय. गॉज सोडून." शिकलगार हसले. "बरं. दसऱ्यापर्यंत बघू. घोटाळा झाला तर मात्र माझा इलाज नाही, सिस्टर. माझ्याही डोक्यावर बँक बसलीय."

अशी नोकरी लागली. कपाट ड्रेसिंगच्या खोलीशेजारी उभं राहिलं, घडी पायाखाली गेली, आणि काम सुरू झालं. सिस्टर औषधाचं नाव सांगत, कपाट ऐकून घेई, डॉक्टरांनी खरंच लिहिलंय का ते विचारी, आणि मग आतून कुलूप फिरे. वॉर्डच्या मावशी हौसाबाईंना हे फार आवडलं. "आमच्या घरच्या कपाटाला एवढी अक्कल असती," त्या म्हणत, "तर नवऱ्याचा हात कवाच अडकला असता."

दुपारी वॉर्ड निजला की दोघं जुन्या गोष्टी काढत. लाल दवाखाना आता राहिला नव्हता. तिथं लग्नाचा हॉल झाला होता, आणि जिथं मुलींना बँडेज गुंडाळायला शिकवत तिथं आता नवरदेवाचे बूट लपवत.

"पेजेचा वास आठवतो?" सिस्टर विचारत. "सकाळचा?"

"माझ्या वरच्या कप्प्यात अजून आहे थोडा."

"आणि मॅट्रनबाईंचे बूट. कट कट कट. आले की आम्ही लोणच्याची बरणी तुझ्यात टाकायचो."

"खालच्या कप्प्यात. स्पिरिटच्या मागे." कपाटाचा आवाज मऊ व्हायचा. मुलींमधली तेव्हाची इंदू त्याला अजून दिसायची बहुतेक. चारचौघांत ते 'लोंढे सिस्टर' म्हणे, पण असं कुणी नसताना नुसतं 'इंदू'. "लिंबाचं होतं. तुझ्या आईनं पाठवलेलं. तू सगळ्यांना वाटायचीस आणि फोड मात्र स्वतःला मोठी घ्यायचीस."

"खोटं!"

"मी कपाट आहे. मला सगळं दिसायचं."

मग सिस्टर उठून बँडेज गुंडाळायला घ्यायच्या. कारण सगळं दिसायचं म्हटलं की पुढचंही आलंच.

खंडेनवमी आली. शेतकरी औत पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसं दवाखान्यात कात्र्या, चिमटे आणि कपाट. लाल दवाखान्यातही हे व्हायचं. कपाट रिकामं करून पुसायचं, सामान परत लावायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि एकदा पुजलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. ते विश्रांतीला असतं. लागणारी औषधं आधीच काढून ट्रेमध्ये ठेवायची. कपाटही त्या दिवशी बोलत नाही, बघत नाही, देखरेखही करत नाही. नियमात तशी सुट्टी आहे.

लाल दवाखान्यातल्या एका खंडेनवमीलाच ते झालं होतं. सामान लावताना एक अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, सिस्टरांच्या खिशात राहिली. लक्षात आलं तेव्हा कपाटाला हार चढला होता. पाठ ठणकत होती. त्यांनी हाक मारून पाहिली, कपाट उघडलं नाही. हार मोडायचा नाही, कुपी ठेवायला दुसरी जागा नाही. उद्या ठेवू म्हणता म्हणता तो उद्या आलाच नाही. तिथून सगळं सुरू झालं.

इथंही हौसाबाईंनी कपाट पुसलं, सिस्टरांनी सामान लावलं, डॉक्टरांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि ते घरी जेवायला गेले. हार हौसाबाईंनी एका बिजागरीपासून दुसरीपर्यंत ताणून बांधला. "उद्यापत्तूर कुणी हात लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं, "डॉक्टर असू दे न्हाईतर आणि कोण," आणि त्या वॉर्ड झाडायला गेल्या.

तेवढ्यात खुब्याचं हाड मोडलेले एक म्हातारे पहिलवान पलंगावरून घसरले. सिस्टरांनी एकटीनं त्यांना वर घेतलं. पहिलवान म्हणाले, "लई उपकार झाले, पोरी," आणि सिस्टरांच्या पाठीत जुनी कळ लख्ख उभी राहिली. त्या भिंत धरत कपाटापाशी आल्या. पुसताना हललेलं ते डुगडुगत होतं. घडी सारावी म्हणून त्यांनी खिशात हात घातला.

निळ्या कागदामागे काच लागली.

सामान लावताना पुन्हा राहून गेलेली ती कुपी सिस्टरांनी बाहेर काढली नाही. खिशातच मुठीत धरली. खोलीत कुणी नव्हतं. शेजारच्या ट्रेमध्ये उकळलेल्या सिरिंजा झाकून ठेवल्या होत्या. कळ कमरेतून खाली उतरत होती. समोर कपाट हार घालून विश्रांतीला गेलेलं.

"ए," सिस्टर म्हणाल्या.

कपाट गप्प.

"मागच्या वेळी पण असंच गप्प बसलं होतंस."

झेंडूवर एक माशी बसली होती, ती उडाली.

सिस्टरांनी दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि कपाटाच्या दारावर ठोठावलं. एकदा. मग जोरात. हळदकुंकवाची बोटं उमटली होती तिथंच. "इंदू आहे," त्या म्हणाल्या. "मला खिशातून हात काढता येईना. उघड."

आत काहीतरी हललं. वरचं कुलूप फिरलं, मग खालचं. दार पुढे आलं, हार ताणला, आणि तटकन तुटला. झेंडूची फुलं पलंगांखाली घरंगळली.

"दे," कपाट म्हणालं.

सिस्टरांनी कुपी दिली. दार लागलं. मग त्या खाली बसल्या, घडी पायाखाली सारली, आणि तिथंच कपाटाला पाठ टेकून बसून राहिल्या. लोखंड गार होतं. पाठीला बरं वाटत होतं.

हौसाबाई केरसुणी घेऊन आल्या आणि किंचाळल्या. "अगं बाई! पूजा कुणी मोडली?"

"मी," कपाट म्हणालं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दोघं सांगलीला गेली. मेहेंदळे साहेबांनी कपाटात डोकं घातलं, बराच वेळ ठेवलं, आणि विस्कटलेल्या केसांनी बाहेर काढलं.

"तुमच्याबद्दल चांगलं सांगितलंय. डॉक्टर शिकलगारांचाही फोन आला, म्हणाले, ठेवून घेतो. नाव पटावर राहील, सिस्टर." सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. साहेब म्हणाले, "आता कपाटानं जरा बाहेर व्हरांड्यात थांबावं."

कपाट टणत्कारत बाहेर गेलं.

"आता तुमचा अहवाल."

"माझा?"

"कपाटाबद्दलचा. तेही योजनेतच आहे. त्याची देखरेख तुमच्याकडे होती. कपाटालाही आम्ही कळवलेलं नाही. कळवलं की देखरेखीत राम राहत नाही." साहेबांनी चष्मा काढला आणि सवयीप्रमाणे डोकं पुढे करून सिस्टरांच्या तोंडाशी आणलं. "बोला. खंडेनवमीला बंद होतं का?"

बाहेर व्हरांड्यात घडीवाचून डुगडुगणाऱ्या पायाचा आवाज येत होता. सिस्टरांनी तो ऐकला. खोटं बोललं असतं तर कपाट सुटलं असतं असं त्यांना वाटलं. पण खोटं बोलायचं सुटल्यावरच तर त्या इथवर आल्या होत्या.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "पुजलेलं असताना. हार तोडून. मी ठोठावलं म्हणून."

साहेबांनी डोकं बाहेर काढलं, म्हणजे सरळ केलं. चष्मा लावला.

"मागच्या खेपेला उघडलं नाही, म्हणूनच योजनेत आलं होतं," ते म्हणाले, आणि ड्रॉवर उघडून कपाटाची किल्ली सिस्टरांच्या हातावर ठेवली.

परतीच्या गाडीत कपाटानं विचारलं, "काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"मग?"

"मग काही नाही. दोघं पास."

कंडक्टरनं त्याचं फुल तिकीट फाडलं, ते या खेपेला त्यानं वाद न घालता घेतलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पांढरी साडी नेसून ड्युटीवर आल्या. किल्ली कमरेला होती. पिशवीतून त्यांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली आणि कपाटापुढे उभ्या राहिल्या. किल्लीला हात लावायच्या आतच खालचं दार आपण होऊन उघडलं.

"स्पिरिटच्या मागे ठेव," कपाट म्हणालं. "शिकलगारला वास लगेच येतो."