गुण्यात न बसलेला हिरा

"चौकोन ओळखायला मला कोणी शिकवू नये," असं गुण्या म्हणाला, तेव्हा त्याच्या मामांनी चष्मा काढून नुसता पुसला. हे वाक्य त्यांनी आधीही ऐकलं होतं. मामांच्या न्हाणीघरात नवीन फरशी बसली तेव्हा याच भाच्याने हेच वाक्य म्हणून ती सगळी उखडायला लावली होती, आणि मामा कितीतरी दिवस टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होते.

गुण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते सुताराचं, गवंड्याचं लोखंडी साधन. तसलं एक छोटं साधन कायम याच्या खिशात असायचं, म्हणून टाइल्सच्या कारखान्यात सगळे त्याला गुण्याच म्हणायचे. पट्ट्यावरून फरश्या सरकत यायच्या आणि हा त्यातली वाकडी, टवका उडालेली, माप चुकलेली फरशी बाजूला काढून तिच्यावर खडूने फुली मारायचा. फुली पडली की ती सेकंड क्वालिटी. कामात तो इतका मुरला होता की घरी आल्यावरही डोळा बंद व्हायचा नाही. पावाचा तुकडा हातात घेतला तरी आधी त्याच्या कडा बघणार, मग खाणार. भिंतीवरचे फोटो तर त्याला बघून आपणहून सरळ होत असावेत, असं त्याची आई म्हणायची.

असा हा माणूस प्रेमात पडला तो एका रफूवालीच्या.

त्याच्या कोटाला कोपरापाशी भोक पडलं होतं. बाजारामागच्या बोळात एका खिडकीशी बसून ती कपडे रफू करायची; तिच्याकडे त्याने कोट टाकला. परत मिळाल्यावर उन्हात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, भिंगाखाली पाहिला.

"भोक कुठे आहे?" त्याने विचारलं.

"होतं," ती म्हणाली.

गुण्याला आयुष्यात पहिल्यांदा कशात काही सापडलं नाही. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात तो दुसरा कोट घेऊन गेला, आणि खरं सांगायचं तर त्या कोटाचं भोक त्याने स्वतः पाडलं होतं.

यथावकाश त्याने तिला लग्नाचं विचारलं. तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मग बोलली. "उत्तर अंगठी बघून देईन. चौकोनी हिरा मला आवडतो. पण कामाला बसताना काढून ठेवावी लागेल, अशी अंगठी नको. ड्रॉवरमध्ये पडून राहणारी अंगठी काय करायची? बाकी सगळं तू निवड. तू काय निवडतोस ते मला बघायचंय."

म्हणजे सगळा होकार त्या एका अंगठीवर येऊन ठेपला होता. पण चौकोनी हा शब्द कानावर पडला आणि गुण्याचं मन तिथेच थांबलं. पुढचं त्याने ऐकलं, मानही हलवली, पण ते डोक्यात काही उतरलं नाही.

तर असा हा गुण्या मामांना घेऊन सराफबाईंकडे गेला. मामा आणि सराफबाई एका शाळेतले, म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीत प्रवेश मिळाला. खोली लहान, पण खिडकी भली मोठी. खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरा कागद घातलेला ट्रे, एक भिंग आणि लांब टोकाचा चिमटा. सराफबाईंनी कागदाच्या चार पुड्या सोडल्या आणि प्रत्येकीसमोर तिच्यातला हिरा ठेवला. चारही हिरे चौकोनी, जवळजवळ एकाच वजनाचे. तशीच मागणी होती.

गुण्याने पहिल्याच हिऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "याचे चारही कोपरे उडालेत."

"उडाले नाहीत, छाटलेत," सराफबाई म्हणाल्या. "मुद्दाम."

"मुद्दाम कोण उडवतं?"

"अहो, छाटलेत म्हटलं ना."

गुण्याने तो हिरा चिमट्याने ट्रेच्या पार कडेला सारला. जवळ खडू असता तर फुलीही मारली असती. मग उरलेल्या तिघांजवळ त्याने खिशातलं साधन काढून धरलं. ते त्या हिऱ्यांपेक्षा इतकं अवजड होतं, की मुंगीच्या पायाचं माप शिंप्याच्या टेपने घ्यावं तसा प्रकार दिसत होता.

"तुम्ही नुसता वरचा चौकोन बघताय," सराफबाई म्हणाल्या. "खरं काम खालच्या पैलूंचं. खाली नीट कापलेला असेल तर आत गेलेला उजेड परत वर येतो. फार खोल कापला तर मधोमध काळोखी दिसते. फार उथळ कापला तर आरपार कागद दिसतो, खिडकीतून दिसावा तसा."

हे मात्र गुण्याला नवीन होतं. फरशीत उजेड जात नाही, त्यामुळे तो परत येण्याचा प्रश्नच नसतो. त्याने प्रश्नांचा भडिमार केला. उजेड आत गेला की वळतो कुठे? पैलू थोडा तिरका पडला तर काय होतं? ढग आले तर? सराफबाईंना असं गिऱ्हाईक क्वचितच मिळायचं; त्या खुर्ची पुढे ओढून सांगू लागल्या. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली.

"बघा निवांत," असं म्हणून त्या दार उघडायला गेल्या. पुढे जे झालं त्याला हे दोन शब्द कारणीभूत झाले, असं त्या अजूनही म्हणतात.

आता कारखान्यातली एक पद्धत सांगायला हवी. फरशी खरोखर चौकोनी आहे का, हे एकटीला बघून कळत नाही. चार फरश्या कोपऱ्याला कोपरा भिडवून मांडतात आणि मधला सांधा बघतात. अधिक चिन्हासारखा सरळ सांधा आला तर माल उत्तम. मग एकेक फरशी फिरवायची, जागा बदलायच्या, पुन्हा बघायचं. गुण्याच्या समोर हिरे होते तीन. चौथा कडेला पडला होता, पण तो कोपरे उडालेला. त्याने सांधा कसा येणार?

ट्रेशेजारी एका वाटीत आणखी एक चौकोनी हिरा होता.

"मामा, हा पण दाखवायलाच ठेवलाय ना?"

"असेल," मामा म्हणाले. ते भिंतीवरचं घड्याळ सरळ आहे की नाही ते बघत होते; भाच्याबरोबर राहून त्यांनाही सवय लागली होती.

गुण्याने चारही हिरे मधोमध आणले आणि भिडवले. काय सुंदर सांधा आला. त्याने भिंग लावलं, श्वास रोखला, एकेक हिरा फिरवला, वरचा खाली नेला, डावा उजवीकडे आणला. शेवटी एकावर चिमटा टेकवून तो म्हणाला, "हा. चारही कोपरे गुण्यात. फर्स्ट क्वालिटी."

"छान," मामा म्हणाले. "कुठल्या पुडीतला?"

गुण्याने पुड्यांकडे पाहिलं. मग हिऱ्यांकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सराफबाई आत आल्या त्या वेळी चारही हिरे एकमेकांना बिलगून बसले होते. त्या आधी खुर्चीत बसल्या.

"पाच होते, पाच आहेत," मामांनी धीर दिला.

"त्यातला एक विकायचा नव्हता," सराफबाई म्हणाल्या. "तो मुख्याध्यापिकाबाईंचा. त्यांच्या अंगठीचं कोंदण झिजलं म्हणून मी काढून ठेवला होता. त्याच बाहेर बसल्यात, न्यायला. बाकीच्या तिघांच्या कडेला बारीक नंबर कोरलेत, ते मी वाचून लावीन. पण सगळं जागच्या जागी लागेपर्यंत इथून काही हलणार नाही. हिरेही नाहीत आणि तुम्हीही नाही."

उशीर होणार म्हणून मामांनी बहिणीला फोन लावला. मामांचा स्वभाव असा की वाईट बातमी हळूच द्यायची. "अगं, काळजी करण्यासारखं काही नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि गुण्याच्या आईने तिकडे काळजी करायला घेतली. "हिरे जरा अदलाबदल झालेत, म्हणून त्याला बसवून ठेवलंय. पोलीस वगैरे काही नाही." पोलिसांचं नाव कोणी काढलं नव्हतं, पण मामांना वाटलं आधीच सांगितलेलं बरं. आईने फोन ठेवला आणि रफूवालीला लावला. तिच्यापर्यंत जे पोचलं ते असं, की हिरे बदलताना त्याला पकडलंय, आणि पोलीस अजून आले नाहीत.

इकडे मुख्याध्यापिकाबाई आतल्या खोलीत आल्या. त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

"कोणी केलं हे?"

गुण्या उभा राहिला.

"बस. माझ्या हिऱ्यात एका कोपऱ्याजवळ काळा ठिपका आहे. आत, खोल. शोध."

दोष शोधायचं काम म्हटल्यावर गुण्याच्या जिवात जीव आला. पहिला हिरा स्वच्छ निघाला. दुसराही. तिसऱ्यातही काही नव्हतं. राहिला चौथा, त्याचा तो फर्स्ट क्वालिटीचा. त्याने भिंग लावलं. कोपऱ्याजवळ, खोल आत, मोहरीएवढा काळा ठिपका मजेत बसला होता.

"सापडला?"

"हो," गुण्या इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मामांना तो आवाज फोनमधून आल्यासारखा वाटला.

"आमच्या यांनी आणला तेव्हा या ठिपक्यावरून मी दोन दिवस बोलले नव्हते," बाई हिरा तळहातावर घेत म्हणाल्या. "आता तो नसता तर मी कुणाचा तरी दुसराच घेऊन गेले असते." मग त्यांनी गुण्याकडे पाहिलं. "तुला तो आवडला होता म्हणे. विकायचा नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि रफूवाली आत आली. कॉलरला दोन सुया तशाच टोचलेल्या, बोटाला दोरा गुंडाळलेला. धावत आली असावी.

"काय चोरलंस?"

"काही नाही. सांधा बघत होतो."

तिने टेबलाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "निवडलास कोणता?"

"तो. पण तो यांचा आहे."

"आणि बाकीचे?"

"त्यांच्या पुड्या कुठल्या ते अजून कळायचंय."

ती खाली बसली. पिशवीतून जॉर्जेटचा एक पातळ तुकडा काढला, सराफबाईंना विचारून त्या तिघांतला एक हिरा चिमट्यात धरला आणि त्याचा कोपरा कापडावरून अलगद ओढला. तो अडकला. कापडातला एक दोरा वर आला आणि तिथे बारीकशी सुरकुती पडली. तिने दुसरा घेतला. तोही अडकला.

"मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे ते पुढचं वाक्य गुण्याच्या डोक्यात उतरलं. कामाला बसताना काढून ठेवावी लागेल, अशी अंगठी नको. दिवसभर रेशमावर फिरणारे हात. टोकदार कोपरे. इतका वेळ भिंग लावून बसला होता, आणि जे बघायचं होतं ते बघितलंच नव्हतं.

"बरंय," ती उठली. कापडाची घडी घातली. "निघते मी."

"थांब," गुण्या म्हणाला. "ते कापड दे."

त्याने ट्रेच्या कडेला सारलेला हिरा चिमट्यात उचलला आणि कापडावरून ओढला. कापड हललंसुद्धा नाही. पुन्हा ओढला, दुसऱ्या कोपऱ्याने, तिसऱ्या, चौथ्या. मग तो हिरा खिडकीशी नेऊन त्याने आत पाहिलं. आत चौकोनात चौकोन होता, त्याच्या आत आणखी एक, विहिरीच्या पायऱ्या उतरत जाव्यात तसे. हात जरा कलला की एका पायरीवरचा उजेड विझायचा आणि दुसरीवर लागायचा. तो आत जाऊन नक्की कुठे वळतो, ते काही केल्या कळत नव्हतं.

"हा," तो म्हणाला.

"याचे तर कोपरे उडालेत," रफूवाली म्हणाली.

"छाटलेत," गुण्या म्हणाला. "मुद्दाम."

सराफबाईंनी नंबर वाचता वाचता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

बराच वेळ झाला तरी गुण्या खिडकीपासून हलेना. "काय सापडलं?" तिने विचारलं.

"शोधत नाहीये. बघतोय."

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातून भिंग घेऊन तिनेही आत पाहिलं. मग म्हणाली, "हो."

"काय हो?"

"विचारलं होतंस ना. हो."

मामांनी पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी बातमी हळूच दिली नाही, पण सवयीने आधी "काळजी करू नकोस" म्हणालेच, त्यामुळे आईला आनंद व्हायला थोडा वेळ लागला.

अंगठी झाली, साखरपुडा झाला. रफूवाली ती कामात घालते, कामाबाहेर घालते, कधीच काढत नाही. सगळं छान झालं, फक्त एक गोष्ट सोडून. हिरा कोंदणात केसभर तिरका बसला होता.

गुण्याला ते अंगठी घालतानाच दिसलं. पण त्याने ठरवलं होतं, बोलायचं नाही. जेवताना ती समोर हात ठेवायची, हा ताटात बघायचा. बागेत हातात हात घेतला की तो झाडांकडे बघत बसायचा. एकदा झोपेत म्हणे तो नुसता "डावीकडे, डावीकडे" म्हणत होता. आईने कूस बदलायला सांगितली.

शेवटी एका संध्याकाळी रफूवालीने सुई खाली ठेवली आणि हात त्याच्या नाकासमोर धरला.

"बोल आता."

"काय?"

"तिरका आहे ना?"

"मी कुठे काय म्हटलं," गुण्या म्हणाला. त्याचा एक हात खिशातल्या साधनावर घट्ट होता.

"सराफबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, सरळ करून देते," ती म्हणाली. "मीच म्हटलं, राहू दे. बघू या, किती दिवस दम काढतो."